मदरबोर्ड बदलला आणि विंडोजचं अ‍ॅक्टिव्हेशन गेलं: लायसन्स विकत घेण्याआधी काय तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या इतवारीतल्या एका होलसेल दुकानाचा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. जूनच्या पहिल्या वादळात लॅनच्या वायरीतून झटका आला आणि बोर्ड गेला. जुना बोर्ड एच३१० चिपसेटचा, त्यावर आय३-८१००. बर्डीतल्या दुकानदाराने एच६१० बोर्ड आणि आय३-१२१०० बसवून दिला. रॅम, एसएसडी जुनेच ठेवले. मशीन सुरू झालं, हिशेबाच्या टॅली सॉफ्टवेअरचा डेटा जागच्या जागी आहे, पण स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ असं पुसट लिहून येतंय. दुकानदार म्हणतो, नवीन लायसन्स घ्या, नाहीतर चारशे रुपयांत करून देतो. काय करायचं?

आज काहीच घेऊ नका. अ‍ॅक्टिव्हेट नसलेलं विंडोज १० किंवा ११ बंद पडत नाही. वॉलपेपर, रंग, थीम बदलता येत नाही आणि कोपऱ्यातलं ते वाक्य जात नाही, एवढाच त्रास. फायली उघडतात, प्रिंट निघते, विंडोज ११ वर सुरक्षेचे अपडेटही येत राहतात. बिलिंग चालू ठेवा आणि दोन दिवस शांतपणे तपासा. घाईत घेतलेलं लायसन्स बऱ्याचदा दुसऱ्यांदा घेतलेलं लायसन्स निघतं. पहिलं तुमच्याकडे असतंच, फक्त ते नव्या बोर्डाला ओळखत नसतं.

ओळखत का नाही, ते आधी बघू. अ‍ॅक्टिव्हेशनच्या वेळी विंडोज मशीनच्या सुट्या भागांवरून एक ओळखखूण तयार करतं आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदवली जाते. त्या खुणेत सगळ्या भागांचं वजन सारखं नसतं. रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदललं, हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली तर सहसा काही होत नाही. कोऱ्या एसएसडीवर नव्याने विंडोज टाकताना प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ दाबायचं, पूर्वीचीच एडिशन (होम, प्रो वगैरे) निवडायची. नेट लागलं की सर्व्हर जुनी खूण ओळखून आपोआप अ‍ॅक्टिव्हेट करतो. बोर्डाचं तसं नाही. बोर्ड बदलला की सर्व्हरच्या लेखी तो वेगळाच कॉम्प्युटर. म्हणूनच सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर शेवटी ‘एफ२११’ असलेला एरर कोड दिसत असणार. त्याचा अर्थ ‘हार्डवेअर बदललं आहे’ एवढाच. की खोटी आहे, विंडोज चोरीचं आहे, असं तो कोड म्हणत नाही. शेवटी ‘सी००८’ असेल तर ती की ठरल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरली गेली आहे, आणि ‘सी००३’ असेल तर की सर्व्हरने अडवलेली आहे. हे दोन आले तर मात्र की कुठून घेतली होती ते आठवायला लागा.

आता मुख्य तपासणी. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून टर्मिनल (अ‍ॅडमिन) उघडा आणि एसएलएमजीआर, एक जागा सोडून, तिरपी रेघ आणि डीएलव्ही असं टाइप करा. अक्षरं अर्थातच इंग्रजी. एंटर दाबल्यावर चार-पाच सेकंदांनी एक छोटी खिडकी उघडते. तिच्यात वीसेक ओळी असतात, पण आपल्या कामाच्या तीनच: नाव, डिस्क्रिप्शन आणि पार्शल प्रॉडक्ट की. तिचा फोटो काढून ठेवा, पुढे सपोर्टशी बोलताना लागेल.

नावाच्या ओळीत एडिशन असते. प्रोफेशनल म्हणजे प्रो, कोअर म्हणजे होम आणि कोअर सिंगल लँग्वेज म्हणजे होम सिंगल लँग्वेज. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक ब्रँडेड घरगुती लॅपटॉपमध्ये हा तिसरा प्रकार असतो. होम आणि होम सिंगल लँग्वेज दिसायला सारखे, पण लायसन्सच्या हिशेबात दोन वेगळी खाती आहेत. एकाचं लायसन्स दुसऱ्याला चालत नाही. दुकानदाराने पेनड्राइव्हवरून नव्याने विंडोज टाकताना चुकून वेगळी एडिशन टाकली, तर खरं लायसन्स असूनही अ‍ॅक्टिव्हेशन होत नाही. ही चूक फार होते.

डिस्क्रिप्शनच्या ओळीत ‘चॅनल’ या शब्दाच्या आधी काय लिहिलंय ते वाचा. ‘रिटेल’ असेल तर लायसन्स सुटं विकत घेतलेलं असण्याची शक्यता आहे. ‘ओईएम’ म्हणजे मशीन बनवणाऱ्याने मशीनसोबत दिलेलं लायसन्स. त्यापुढे ‘डीएम’ असेल तर की बोर्डाच्या बायोसमध्येच (बोर्डावरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्राममध्ये) भरून आलेली होती, म्हणजे ब्रँडेड मशीन. ‘ओईएम’, ‘सीओए’ अशी अक्षरं असतील तर असेंबल करणाऱ्याने स्वस्तातलं सिस्टिम बिल्डर लायसन्स लावलं होतं, ज्याचा स्टिकर कॅबिनेटवर असतो. आणि ‘व्हॉल्यूम’, त्यातही ‘केएमएस क्लायंट’ दिसलं आणि तुम्ही कुठल्या कंपनीच्या किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर नसाल, तर सरळ सांगतो, तुमच्या मशीनमध्ये आधीपासूनच क्रॅक होता. केएमएस ही मोठ्या संस्थांची सोय आहे. त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरला किमान २५ मशीन जोडलेली लागतात आणि प्रत्येक मशीनला दर १८० दिवसांच्या आत त्या सर्व्हरकडून मुदत वाढवून घ्यावी लागते. इतवारीच्या दुकानात तो सर्व्हर कुठून येणार? अशा वेळी जुनं लायसन्स शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण ते नव्हतंच.

‘रिटेल’ वाचून लगेच खूश होऊ नका. पार्शल प्रॉडक्ट कीच्या ओळीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. ती प्रो एडिशनमध्ये ‘३व्ही६६टी’, होममध्ये ‘८एचव्हीएक्स७’ किंवा सिंगल लँग्वेजमध्ये ‘६एफ४बीटी’ असतील, तर ती तुमची की नव्हेच. ती सगळ्या जगाला सारखी असलेली नुसती इन्स्टॉलेशनची की आहे. खरा हक्क डिजिटल लायसन्स म्हणून सर्व्हरवर नोंदलेला असतो. विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट अपग्रेड केलेल्या मशीनवर हमखास असंच दिसतं, आणि तिथे चॅनल ‘रिटेल’ लिहिलेला असला तरी मूळ लायसन्स ओईएम असेल तर हक्क ओईएमचाच राहतो. ‘की शोधून देणारे’ सॉफ्टवेअर चालवून हीच सार्वजनिक की काढायची आणि वहीत जपून लिहून ठेवायची, हा उद्योग बरेच जण करतात. त्या कीने काही अ‍ॅक्टिव्हेट होत नाही. मूळची विंडोज ७-८ ची की नव्या मशीनवर टाकून बघण्याचाही आता उपयोग नाही. फुकट अपग्रेडची मुदत २९ जुलै २०१६ ला संपली होती, तरी पुढे बरीच वर्षं ती वाट उघडी होती, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती बंद केली.

आता तुमच्या मशीनकडे. कपाटात विंडोजचा खोका, कीचं कार्ड किंवा ‘विंडोज प्रो रिटेल’ असा उल्लेख असलेलं जीएसटी बिल सापडलं, तर काम सोपं. रिटेल लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर, पण मशीन किती वेळा बदलावं यावर बंधन नाही. जुना बोर्ड मेलेला आहे, त्यामुळे तिथून काढायचा प्रश्नच नाही. जुनं मशीन चालू असतं तर त्यावर एसएलएमजीआर आणि यूपीके असा आदेश देऊन की काढून टाकायची असते. त्या आदेशाने सर्व्हरला काही कळवलं जात नाही, ‘जागा मोकळी’ वगैरे होत नाही. दोन मशीनवर एकच की राहू नये, एवढाच त्याचा उपयोग. नव्या मशीनवर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘चेंज प्रॉडक्ट की’ दाबून २५ अक्षरं टाका. बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं.

की हाताशी नाही, पण त्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलेलं होतं, तर विंडोजमधल्याच ट्रबलशूटरची वाट धरा. ही सोय ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून आली. पण त्याआधी थोडी तयारी, कारण याच टप्प्यावर निम्म्या लोकांचं काम फसतं.

नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये तारीख-वेळ बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही आणि दोष लायसन्सवर जातो. मग नेट. एच३१० वरून एच६१० वर आलात, तर लॅनची चिप बदललेली असू शकते आणि जुन्या विंडोजकडे तिचा ड्रायव्हर नसतो. त्यावर सोपा उपाय: मोबाइल यूएसबी वायरने जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. मशीनला लगेच नेट मिळतं, मग बोर्ड कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि लॅनचे ड्रायव्हर उतरवून घ्या. अजून काही बदलायचं असेल, म्हणजे वायफाय कार्ड, जास्तीची रॅम, तर ते आधी बसवून घ्या. पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करण्याच्या संख्येला मर्यादा आहे. दर आठवड्याला एक पार्ट बदलून दरवेळी सर्व्हरचं दार वाजवू नका.

लॉगिन करताना पिन चालणार नाही. पिन बोर्डावरच्या टीपीएमशी, म्हणजे गुप्त चाव्या जपणाऱ्या सुरक्षेच्या सोयीशी बांधलेला असतो, तो जुन्या बोर्डाबरोबर गेला. अकाउंटचा पासवर्ड लागेल. तो कुणी तरी पुतण्याने २०१९ मध्ये ठेवलेला असतो आणि आता कुणालाच आठवत नाही, हे गृहीत धरून तो आधी मोबाइलवरून रीसेट करून घ्या.

मग अ‍ॅडमिन हक्क असलेल्या युजरने लॉगिन करून सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये हेच ‘अपडेट अँड सिक्युरिटी’ खाली आहे. ‘ट्रबलशूट’ दाबा. थोडं शोधून तो म्हणतो की अ‍ॅक्टिव्हेट करता आलं नाही. तिथे बंद करू नका. खाली बारीक अक्षरांत ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ अशी लिंक असते. खरं दार तेच. ती दाबून जुन्या मशीनवर होतं त्याच मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा. त्या अकाउंटवरच्या मशीनची यादी येते. त्यात ‘डेस्कटॉप’ आणि पुढे सात अक्षरांची खिचडी अशी तीन-चार नावं असतील, तर तुमचं कोणतं हे ओळखणं अवघड जातं. जुन्या एसएसडीवरचंच विंडोज चालू असल्याने मशीनचं नाव बदललेलं नाही. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून ते नाव बघा आणि यादीत तेच निवडा. ‘धिस इज द डिव्हाइस आय अ‍ॅम यूजिंग राइट नाउ’ या चौकटीत खूण करून ‘अ‍ॅक्टिव्हेट’ दाबा.

यादीत मशीन दिसलंच नाही, तर लायसन्स त्या अकाउंटला कधी जोडलंच गेलेलं नव्हतं, किंवा तुम्ही भलत्याच ईमेलने आत गेला आहात. दुकानांत बहुधा दुसरंच कारण असतं: जीएसटीचा ईमेल वेगळा, मोबाइलचा वेगळा, आणि कॉम्प्युटरवर असेंबल करणाऱ्याने स्वतःचाच टाकलेला. तो तिसरा ईमेल असेल तर त्याला फोन लावण्याला पर्याय नाही. मशीन दिसतं पण अ‍ॅक्टिव्हेट होत नाही, तेव्हा एडिशनचा मेळ नसणं हे पहिलं कारण तपासा.

लायसन्स ओईएम निघालं तर नियम काय, तेही स्पष्ट असलेलं बरं. ओईएम लायसन्स पहिल्या बोर्डाबरोबर जन्मतं आणि त्याच्याबरोबरच संपतं. अपवाद एक: बोर्ड बिघडला म्हणून बदलला आणि बदली बोर्ड तेच मॉडेल किंवा उत्पादकाने त्याच्या जागी दिलेलं समतुल्य असेल, तर नवं लायसन्स लागत नाही. तुमच्या बाबतीत बिघाड खरा आहे, पण एच३१० च्या जागी चार पिढ्या पुढचा प्रोसेसर आणि वेगळा चिपसेट आलाय. याला दुरुस्ती म्हणायचं की अपग्रेड, हा वादाचा मुद्दा होतो आणि तुमची बाजू तिथे दुबळी आहे. तरीही ‘गेट हेल्प’ अ‍ॅपमधून सपोर्टशी बोलून बघायला पैसे पडत नाहीत. जवळ ठेवा: जुनं बिल, स्टिकरचा फोटो, त्या छोट्या खिडकीचा फोटो आणि बोर्ड बदलल्याचं बर्डीच्या दुकानाचं बिल. त्या बिलावर ‘डेड बोर्ड रिप्लेस’ असं लिहून घ्या, ‘अपग्रेड’ नको. खरंही तेच आहे. नकार आला तर नवं लायसन्स घ्यावं लागेल, आणि घ्यायचंच तर रिटेल घ्या. ओईएम थोडं स्वस्त पडतं, पण पुढच्या जूनमध्ये पुन्हा वीज पडली की हीच कहाणी.

चारशे रुपयांच्या ‘करून देतो’ बद्दल. त्यात दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर केएमएसचा क्रॅक, जो चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या मशीनवर तुमचं नेट बँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन आहे, त्या मशीनवर कुण्या अनोळखी माणसाचा प्रोग्राम अ‍ॅडमिन हक्काने चालवणं म्हणजे गल्ल्याची चावी वाटसरूच्या हातात देणं. किंवा मग एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेली की. ती पहिल्या दिवशी चालते, हिरवी खूणही दिसते. पुढे कधी तरी ती की अडवली जाते आणि एके सकाळी कोपऱ्यात तेच वाक्य पुन्हा हजर होतं. तेव्हा विकणाऱ्याकडे बिल मागून बघा. मुळात बिल मिळणारच नाही.

लॅपटॉपची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि विचारलेलं नसलं तरी सांगतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत कूलरच्या दमट हवेसमोर चालणाऱ्या लॅपटॉपचे बोर्ड कमी जात नाहीत. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ब्रँडेड मशीनची की स्टिकरवर नसते, बोर्डाच्या बायोसमध्ये असते. अधिकृत सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलतं तेव्हा नव्या बोर्डात सीरियल नंबर आणि विंडोजची की दोन्ही भरलेली हवीत; मशीन ताब्यात घेण्याआधी तिथेच नेट जोडून अ‍ॅक्टिव्हेशनचं पान बघा. सुट्या बोर्डांत विंडोजसह आणि विना-विंडोज असे दोन प्रकार येतात. एचपीच्या पार्ट नंबरची शेपटी -६०१ असेल तर विंडोजचा, -००१ असेल तर बिनविंडोजचा. भंगारातल्या दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला बोर्ड बसवला, तर त्याच्यात त्या दुसऱ्या लॅपटॉपची की असते. नव्याने विंडोज टाकताना सेटअप ती की वाचून न विचारताच तिची एडिशन टाकतो. तुमचं प्रो होतं आणि अचानक सिंगल लँग्वेज कसं झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच. असेंबल केलेल्या डेस्कटॉपच्या बोर्डात मात्र अशी की नसतेच. तिथे ती शोधणारा आदेश कोरी ओळ दाखवतो, तो बिघाड नाही.

अ‍ॅक्टिव्हेशनपेक्षा कितीतरी मोठा धोका बिटलॉकरचा, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप लावण्याच्या सोयीचा आहे. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करताच डिस्क गुपचूप एन्क्रिप्ट होते. तिची चावी टीपीएममध्ये, म्हणजे बोर्डावर. बोर्ड बदलला की चालू होताना निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या डिव्हाइसेसच्या पानावर सापडते. तिथे नसेल आणि कुठे छापून ठेवलेली नसेल, तर डेटा गेला. कुठलाही दुकानदार, कितीही पैसे घेऊन, तो काढू शकत नाही. तुमच्या बाबतीत मशीन सरळ उघडलं, म्हणजे डिस्क एन्क्रिप्टेड नव्हती. दुकानात दुसरं मशीन चालू असेल तर आजच त्यावर टर्मिनलमध्ये ‘मॅनेज-बीडीई’ आणि ‘स्टेटस’चा आदेश देऊन बघा आणि की कागदावर उतरवून ठेवा. त्याच बैठकीत अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर ‘डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं पूर्ण वाक्य आहे का ते पाहा. ‘लिंक्ड’ शब्द नसेल तर अकाउंट जोडा, आणि मशीनला ‘काउंटर-१’ असं कळण्यासारखं नाव द्या.

विंडोज १० वरच असाल तर एक लक्षात घ्या: त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेच डिजिटल लायसन्स ११ ला चालतं. नवा प्रोसेसर ११ साठी पात्र आहे. बायोसमध्ये ‘पीटीटी’ (इंटेलचं टीपीएम) चालू करा आणि बूट यूईएफआय या नव्या पद्धतीत ठेवा. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असेल तर आधी बॅकअप घेऊन ‘एमबीआरटूजीपीटी’ या विंडोजमधल्याच आदेशाने बदलून घ्यावी लागेल.

एमएस ऑफिस मशीनसोबत आलेलं असेल आणि पूर्वी अकाउंटवर चढवलं असेल, तर त्याच अकाउंटने लॉगिन केल्यावर परत येतं. राहिली टॅली. तिचं लायसन्सही मशीनशी बांधलेलं असतं. बोर्ड बदलायचा हे आधी माहीत असेल, तर जुन्या मशीनवर लायसन्स सरेंडर करून मगच मशीन दुकानात न्यायचं. बोर्ड अचानक मेला, सरेंडर करता आलं नाही आणि आता टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडत असेल, तर लायसन्स रीसेट करून मग पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायचं. त्यासाठी सीरियल नंबर आणि त्यावर नोंदलेला अ‍ॅडमिनचा ईमेल लागतो. तो ईमेल कुणाचा आहे ते आधी बघा. टॅली विकणाऱ्या माणसाचा निघाला, तर विंडोज बाजूला ठेवून पहिला फोन त्यालाच करा, कारण एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या ठरावीक दोन-तीन तारखांनाच एंट्री करता येते.